मामाचा कान आणि माझं बोट

"ज्यानं हे बटन दाबलं, त्याच्या बोटाले..." मामा ओरडत होता, आणि दर वेळी वाक्य इथेच तुटत होतं. कारण बोट माझं होतं, आणि मी त्याचा भाचा. आमच्या वऱ्हाडात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्याला शिवी देणं म्हणजे चपला घालून देवघरात शिरणं. त्यामुळे अकोल्याला घरच्या बैठकीच्या खोलीत मामाच्या शिव्या तोफेतून सुटायच्या, माझ्या नाकापर्यंत यायच्या आणि ऐनवेळी वळून फोनच्या कंपनीवर पडायच्या. मामीने खिडक्या लावून घेतल्या.

झालं होतं एवढंच. मी सकाळच्या गाडीने अमरावतीहून आलो. भाचा दारात दिसला की चहाच्या आधी त्याच्या हातात फोन द्यायचा, ही आमच्याकडची नवी रीत. भाच्याने गुड मॉर्निंगची फुलं उडवायची, 'सगळं अपडेट करा' दाबायचं आणि मोठं काम केल्यासारखं पोह्यांची वाट पाहायची. मी दाबलं. फोन पाऊण तास पांढरा पडला. शुद्धीवर आला तेव्हा मामाच्या कानाचं मशीन चालवणारं अ‍ॅप गेलेलं होतं.

हे मशीन हरभऱ्याएवढं. त्याला स्वतःचं एकही बटन नाही. आवाज कमीजास्त करायचा तो फोनवरूनच. 'घर', 'बाजार' आणि 'सभा' अशा त्याच्या तीन जागा. मामा नुकताच भाजीबाजारातून आलेला, म्हणून मशीन 'बाजार'वर होतं, आणि अ‍ॅप गेल्यावर तिथेच अडकलं. बाजारात बारीक आवाज दाबायचा आणि मोठा तेवढा ऐकवायचा, हा त्याचा धर्म. म्हणजे दर्यापूरच्या जीपचा हॉर्न मामाला अकोल्यात ऐकू येत होता, पण शेजारी बसलेली धाकटी लेक नाही. ही पोरगी इतकं हळू बोलते, की ती बोलली हे समोरच्याला दुसऱ्या दिवशी कळतं. आणि दोन दिवसांवर तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

"चार लोकांत पोरीले इचारतीन, पसंत हाय का म्हणून," मामा म्हणाला. "तिचं 'हो' मले माह्या कानानं आयकाचं हाय. मोठीच्या वेळेस मले दुसऱ्यानं सांगतलं, हो म्हणते म्हणून."

मोठीचा नवरा, म्हणजे पुण्याचे जावईबुवा, समोरच खुर्चीत बसले होते. सांगोवांगीचं ते फळ पाहूनच मामाची काळजी मला पटली.

मी अ‍ॅपच्या दुकानात शोधलं. दुकान म्हणालं, तुमच्या फोनसाठी उपलब्ध नाही. मशीनच्या कंपनीला फोन केला. एका बाईने मधाळ आवाजात नवं मशीन घ्यायला सांगितलं. फोनला म्हटलं, बाबा, होता तसा हो. फोन म्हणाला, मागे जाता येत नाही. अरे, आमच्या खटारा एसटीलासुद्धा रिव्हर्स गिअर असतो! कान मामाचा, फोन मामाचा, आणि परवानगी द्यायची कुणी? तर ज्याला नकाशात अकोला बोट धरून दाखवावं लागेल, अशा कुण्या दीडशहाण्याने.

"म्हणून सांगत होतो, आमच्या फोनची सिस्टिम घ्या," जावईबुवा म्हणाले. "दुकान एकच. सगळं तपासून येतं. सेफ." तुरुंगाच्या भिंतीची उंची कैद्यानेच कौतुकाने सांगावी, तसं. याच गृहस्थांना स्वतःच्या आवडीचं गाणं रिंगटोन म्हणून लावायला दोन दिवस आणि तीन पुतणे लागले होते.

अमरावतीच्या एका मित्राला फोनवर विचारलं. तो कॉम्प्युटरचे क्लास घेतो आणि मोकळ्या, फुकट सिस्टिमचा प्रचार करत हिंडतो. "कंपनीची सिस्टिम काढून फेक! आपली टाक! मंग मालक आपण!" या मालकाच्या कॉम्प्युटरमधून चार वर्षांत आवाज निघालेला नाही, आणि हा मामाचा कान उघडणार. माझं तर सांगूच नका. मी न वाचता इतक्या ठिकाणी 'मान्य आहे' दाबलंय, की वलगावचं आमचं वावर अजून माझ्या नावावर आहे की नाही, देव जाणे.

आमच्या तिघांची मतं चालू असताना मामा उठला, आणि लोखंडी पेटीतून जुनं मशीन काढून घेऊन आला. काडेपेटीएवढी डबी, लोंबती वायर आणि एक गोल बटन.

"बाबा, हे घालून बसणार? लोक काय म्हणतील?" जावईबुवा कळवळले.

"काय म्हणतीन ते आयकू तं येईन मले."

साक्षगंधाला दर्यापूरची, मुलाकडची मंडळी इतकी आली, की मामाची गल्ली एका बाजूला कलली. मामा पुढेच बसला, डबी खिशात, वायर कानात. मुलाच्या आत्याने पोरीला विचारलं, "पसंत हाय ना बाई?" मामाने बटन शेवटपर्यंत फिरवलं. डबीने अशी शिट्टी मारली, की चांदूर रेल्वेच्या फलाटावरचे लोक सामान उचलून उभे राहिले असतील. मांडव गप्प झाला. पोरीचे ओठ हलले. मी तिच्या हातभर अंतरावर होतो, मला काही ऐकू आलं नाही. मामाने मात्र मान हलवली, आणि बराच वेळ हलवतच राहिला.

मग जावईबुवांनी नवरदेवाच्या काकांना धरलं आणि कुठली सिस्टिम भारी यावर प्रवचन लावलं. मामाचा हात हळूच खिशात गेला. बटन उलटं फिरलं. अर्धा तास मामा त्यांच्याकडे पाहत प्रसन्न हसत होता.

पंगत बसली तेव्हा मामाने बटन पुन्हा वर केलं. मी त्याचा फोन पाहिला, तर गेलेलं अ‍ॅप दुकानात परत आलेलं.

"मामा, ते अ‍ॅप आलं परत! नवीन अपडेट हाय. देऊ टाकून?"

मामाने माझ्या हातातून फोन काढून घेतला, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

"भाचेबुवा," तो म्हणाला, "तुमी जेवून घ्या."