मुका वाटाड्या

आमच्या भागात वाट विचारणं म्हणजे काय असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पारावर बसलेल्या माणसाला तुम्ही विचारलंत, "बाबा, अमुक गाव कुण्या अंगाला?" तर तो लगेच हात करणार नाही. आधी तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघेल. मग, "कोनाकडं जायलाव?" मग, "कुण्या गावचे?" मग, "आडनाव?" आणि आडनावानं समाधान झालं नाही, तर पान थुंकून सावकाश, "म्हंजे त्यातले कोनते?" वाट मिळायची, नाही असं नाही. पण त्याआधी आपण कोण ते त्याच्या तळहातावर ठेवावं लागायचं.

मला याची फार गंमत वाटायची. मी बिनधास्त खोटी आडनावं ठोकून द्यायचे. एकदा एका म्हातारीनं माझ्या खोट्या आडनावावर खूश होऊन आपल्या भाच्याचं स्थळच काढलं. पोरगा दिसायला कसा आहे ते विचारून मी तिथून पळाले.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात ही गंमत संपली. खेड्याखेड्यांतून गावकुसाबाहेरच्या आमच्या लोकांच्या वस्त्या पेटत होत्या. रोज कुणीतरी परभणीच्या स्टेशनावर गाठोडं घेऊन उतरायचं आणि सांगायचं, अमक्या गावात काल, तमक्या गावात परवा. "त्यातले कोनते?" याचं खरं उत्तर दिलं की आपणच काडी ओढून दिल्यासारखं होतं.

आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बा लाइनीवर गँगमन. रुळाचा तुकडा पायावर पडल्यामुळे पाय प्लॅस्टरमध्ये घालून खाटेवर पडलेला, आणि तोंड मात्र मोकळं. माझी थोरली बहीण, अक्का, चुडाव्याच्या उत्तरेला अडीच कोसांवरच्या खेड्यात दिलेली. तिचे दिवस भरत आले होते. नवरा लांब धरणाच्या कामावर, घरात फक्त सासू-सासरे. चुडाव्याहून तिकडे जाणारा रस्ता एका मोठ्या गावातून जायचा, आणि त्या गावाबद्दल स्टेशनावर जे ऐकू येत होतं ते ऐकून मायनं दोन दिवस भाकरी तोंडात घातली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मी आनते तिला. रस्त्यानं न्हाई, रानातून. खुरपायला चाललेल्या बायांकडं कोनी बघत न्हाई."

बा म्हणाला, "जवारी डोक्याएवढी झालीय. आभाळ असं गच्च. सूर्य कुठंय ते देवाला ठाव न्हाई. वाट चुकलीस तर?"

"चुकले तर..." माय म्हणाली आणि थांबली. इचारीन, असं म्हणायची तिची सवय. पण विचारायचंच तर नव्हतं.

मी अकरावीला, शास्त्र घेतलेलं. शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेलं मला आठवलं. म्हटलं, "होकायंत्र घेऊ. ते वाट दाखवतं आणि उलट काही विचारत नाही."

बा खाटेवरून म्हणाला, "हिला बी संगं ने. न्हाईतर त्या यंत्राला कोन वाचनार?" लगेच त्याला आपण काय बोललो ते कळलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

स्टेशनाजवळच्या बोळात एक म्हातारा घड्याळजी बसायचा. डोळ्याला भिंग, पुढ्यात पत्र्याची पेटी, पेटीत जगातल्या सगळ्या बिघडलेल्या वस्तू. मी म्हटलं, "चाचा, होकायंत्र पाहिजे. प्रॅक्टिकल आहे."

त्यानं भिंग काढून मायकडं बघितलं. माय पदर दातात धरून बोळाच्या तोंडाकडं नजर लावून उभी. "अम्मा बी प्रॅक्टिकलला बसायलीय का?" तो म्हणाला. पण त्यानं पुढं काही विचारलं नाही. पेटीत हात घालून त्यानं तीन होकायंत्रं काढली आणि ओळीनं मांडली.

पहिलं पितळेचं, झाकणाचं, कुणा शिपायाचं असावं. हातात घेतलं की वजनानं माणूस आपोआप ताठ उभा राहावा असं. मायला ते एकदम पसंत. पण झाकण उघडलं तर खट्ट! बोळातलं कुत्रं उठून बसलं. त्या आवाजाची मी भरल्या ज्वारीत कल्पना केली आणि ते परत ठेवलं. मायही म्हणाली, "ठीव. लय चमकायलंय. ह्ये बघायलाच चार मानसं येतील."

दुसरं मनगटाला बांधायचं, पट्ट्याचं. मला ते आवडलं होतं. माय म्हणाली, "खुरपनाऱ्या बाईच्या हातात घड्याळ? मंग कलेक्टर हाफिसात खुरपायलीस का तू?"

तिसरं अगदी चुन्याच्या डबीएवढं, काळपट, काचेवर चरे पडलेलं. कंबरेला खोवलं तर कुणी म्हणेल, बाई तंबाखू खाते.

आता यातलं खरं कोणतं? मी हुशारी केली. तिन्ही शेजारीशेजारी ठेवून सुया जुळतात का बघायला गेले. तिन्ही सुया हलल्या, डुलल्या आणि एकमेकींकडं तोंड करून थांबल्या. उत्तरेचं कुणालाच काही पडलं नव्हतं. उद्या याच्या भरवशावर मी मायला घेऊन रानात शिरणार होते!

घड्याळजी हसला. "जमावात कोनी खरं बोलत न्हाई, बेटी. येकेकाला बाजूला घेऊन इचार."

मी एकेक घेऊन बोळाबाहेर गेले. पट्ट्याच्या यंत्राची सुई टिचकी मारावी तिथं थांबायची; सगळ्यांना हो म्हणणाऱ्या माणसासारखी. डबीची सुई मात्र मी कशीही फिरले तरी रेल्वेच्या सिग्नलाकडंच बघायची. सिग्नल उत्तरेला आहे ते गँगमनच्या लेकीला पक्कं माहीत. डबी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही चुडाव्याला उतरलो. मी मायचं जुनं लुगडं नेसलेली. प्लॅटफॉर्मवरच दोनदा पायात अडकून पडता पडता वाचले. मायनं माझ्या हातात खुरपं दिलं. "ह्ये हातातून सोडायचं न्हाई. कोनी बघितलं तर खुरपं दिसलं पायजे. आन् कोनी अंगावर आलं तर..." खुरप्याच्या मुठीलाच डबी धरून, वर पदर टाकून मी निघाले. सुईच्या निळ्या टोकाकडं चालायचं, एवढंच काम.

उभ्या ज्वारीत शिरलेलं माणूस कसं होतं, ते शिरल्याशिवाय कळत नाही. हाताच्या पुढं काही दिसत नाही. पानं गालाला कापतात. पायाखाली चिखल धरून ठेवतो आणि सोडताना मोठ्यांदा आवाज करतो. वारा आला की सगळं रान सळसळतं, आणि त्या सळसळीत माणूस चालत असला तरी कळणार नाही. मी दर थोड्या वेळानं थांबायचे. मी थांबले की माय थांबायची. दोघी थांबल्यावर जे ऐकू यायचं ते आमच्या चालण्यापेक्षा भयंकर असायचं, म्हणून पुन्हा चालायचो.

आणि एकदम ज्वारी संपली. पुढं कापसाचं रान, आणि रानात कंबरेवर हात ठेवून एक बाई उभी. चांगल्या घरची. अंगावर कोरं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू. तिच्या मागं, झाडांच्या वर, देवळाचा कळस. ज्या गावाला टाळून जायचं होतं त्याच गावाचा. आम्ही त्याच्या कुशीत येऊन पोचलो होतो.

"कुठं गं निघालाव?" बाई म्हणाली.

"खुरपायला, माय. मालकिनीनं बलावलंय," माय म्हणाली.

"कोनत्या मालकिनीनं?"

"ह्याच की. ह्या रानाच्या."

"ह्या रानाची मालकीन मी हाय."

मायचा चेहरा हलला नाही. "मंग बराबर जागी आलोत की," ती म्हणाली.

आता हे सांगताना मला हसू आवरत नाही. तेव्हा मी डबी पदराखाली घट्ट दाबून धरली होती. बाईनं आम्हाला खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "बसा तर. ही पात धरा."

आम्ही बसलो. टाळायच्या गावाच्याच शिवेवर, परक्या कापसात, आम्ही मायलेकी खुरपायला लागलो. बाईही शेजारची ओळ धरून बसली. मी डबी ओच्यात झाकून ठेवली होती. एकदा हळूच बघितलं, तर सुई फिरत होती. खुरपं डावीकडं नेलं की डावीकडं, उजवीकडं नेलं की उजवीकडं, भाकरीच्या तुकड्यामागं कुत्रं फिरावं तशी. लोखंड! सकाळपासून मी उत्तरेकडं नाही, खुरप्याच्या मागं चालत होते.

मान वर न करता बाई बोलली, "गावात मानसं जमायलीत. दिवस कलला की वरल्या वस्तीकडं निघनार म्हनतेत."

वरली वस्ती म्हणजे अक्काचीच. मायचं खुरपं मातीत तसंच राहिलं.

पातीच्या शेवटाला पोचलो तेव्हा बाई म्हणाली, "झाली तुमची पात. उठा." कुण्या गावच्या, कोणाच्या, काही विचारलं नाही. तिच्या घरातला कोण त्या जमावात होता, तेही मला ठाऊक नाही. ती गावाकडं निघाली. ती आता कुणाला जाऊन काय सांगणार, या विचारानं मी ज्वारीत शिरेपर्यंत मागं बघत राहिले.

आत गेल्यावर मी मायला सांगितलं, "खुरपी टाकून दे. लोखंडानं सुई फिरतेय."

"टाकते की! मंग कोनी आलं तर त्याला सुई टोचतीस का?"

शेवटी तोड निघाली. दोन्ही खुरपी मायनं घ्यायची आणि दहा-बारा पावलं मागं राहायचं. डबी घेऊन मी पुढं. पण ज्वारीत दहा पावलं म्हणजे दुसरं गावच. माय मला दिसेनाशी झाली. हाक मारायची सोय नाही. म्हणून तिनं खोकायचं ठरलं. मायचा खोकला कोरडा, शेवटी कुईं करणारा. कधी फाटकाचं बिजागर, कधी कोंबडी. खोकला आला की मी चार पावलं टाकायचे. सुई आता गरीब गाईसारखी एकाच बाजूला बघत होती. खोकला, चार पावलं. खोकला, चार पावलं.

मग खोकला आला नाही.

मी उभी राहिले. आता येईल, आता येईल. मागं काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, कुणीतरी दबक्या आवाजात बोललं, आणि पुन्हा काही नाही. पळून जायचं तर उत्तर समोर होती. मी मागं फिरले, कारण एकटीनं पुढं जायला मला त्याहून जास्त भीती वाटत होती.

धाटं बाजूला सारून बघते तर माय चिखलात बसलेली आणि तिच्या गळ्यात पडलेली अक्का. मागं तिची सासू, आणखी बाया, तोंडावर पदर दाबून धरलेली लेकरं. वस्तीतल्या सगळ्या बाया सकाळपासून त्या रानात दडलेल्या.

"आमी तुमाला जमाव समजून दगडं घेऊन बसलो होतो," अक्का रडत रडत म्हणाली. "मंग खोकला ऐकला. माय, तुझ्या खोकल्याला बारा गावांत जोड न्हाई." मग माझ्याकडं बघून, "आन् तू चुन्याच्या डबीत काय बघायलीस गं, येडे?"

मायनं तिला बोलू दिलं नाही. कापसातल्या बाईनं सांगितलेलं तिनं सगळ्यांना सांगितलं. बायांनी एकमेकींकडं बघितलं. गडीमाणसं घरं सोडून यायला तयार झाली नव्हती. ती वस्तीतच होती. अक्काचा सासराही. एक पोरगी धावत निरोप घेऊन वस्तीकडं गेली, आणि बाकीच्या आम्ही चुडाव्याकडं निघालो.

आता सुईच्या शेपटीकडं चालायचं होतं. विळे, खुरपी, तवे, सगळ्यांजवळ लोखंड. म्हणून मी एकटी फार पुढं. माझ्यामागं शेकडो धाटं सळसळत येत होती. ती आपलीच माणसं आहेत हे मला माहीत होतं, तरी मी दर चार पावलांनी मागं वळून बघत होते. जमाव पाठीशी लागला तर अगदी असाच आवाज येणार होता.

अक्का दर काही अंतरावर बसायची. माय तिला उठवायची, शिव्या देऊन. "जमिनीला चिकटू नको. तुला हितं बाळंत व्हायचं असंल तर मला आधी सांगायचं होतं, मी आलेच नसते."

स्टेशनावर पोचलो तेव्हा उजेड होता. आम्ही प्लॅटफॉर्मच्या टोकाला दाटीवाटीनं बसलो. आणि उत्तरेला धूर दिसला. काळा, ओल्या हवेत वर न चढणारा, आडवा पसरत जाणारा धूर.

थोड्या वेळानं अक्काची सासू माझ्याजवळ सरकली. "पोरी," ती हळूच म्हणाली, "तुझ्या डबीत दिसतंय का, कोनाचं घर हाय ते?"

मी डबी उघडली. का उघडली, कोण जाणे. सुई हलली आणि धुराकडं तोंड करून थांबली.

"न्हाई दिसत, मावशी," मी म्हटलं.

गाडी आली. लेकरं चढली, बाया चढल्या, अक्काला दोघींनी वर ओढलं. सासू मात्र प्लॅटफॉर्मवर तशीच उभी, धुराकडं बघत. अक्का खिडकीतून ओरडायला लागली, "आत्याबाई, चढा की!" मायनं एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा खाली फलाटावर, आणि दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरला. गार्डानं शिट्टी दिली. मायनं खालचा पाय उचलला नाही. गार्ड ओरडला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मायनं गाडी हातानं धरून ठेवली होती, असं मी सगळ्यांना सांगत आले. बा म्हणायचा, समोरून क्रॉसिंग असेल. असेल. पण तिनं खालचा पाय उचलला तो म्हातारी वळून डब्यात शिरल्यावरच.