टाकीत एक पळी गंगा

राजघाटच्या पुलावर मधोमध शेजारच्या काकांची स्कूटर बंद पडली, तेव्हा काकू मागच्या सीटवर बसून खाली गंगा बघत होत्या. गाडी बंद पडली तरी त्या म्हणे उतरायला तयार नव्हत्या. काकांनी तिथूनच मला फोन लावला.

"तुझा तो जुना कार्बोरेटर गेला बघ. आता नवीनच लाव. झंझट नको. परत बंद पडली तर मी हिला पुलावर नेणार नाही."

मी ओशाळलो. पंधरा दिवसांपूर्वी 'जुनाच दुरुस्त करू' हा हट्ट माझाच होता.

आमच्या ब्रह्मा घाटावरच्या घरात सगळे वेदपाठी. हात काळे करणारा मी एकटाच. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा बेताने मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. काकांच्या टू-स्ट्रोक स्कूटरचा मी खोलला, तेव्हा आत पांढरी भुकटी साचली होती. ती कशाने आली, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण दुपारचं ऊन पितळी जेटवर आलं होतं. जेट म्हणजे सुईच्या टोकाएवढं भोक असलेला स्क्रू. तो डोळ्याला लावून मी गल्लीवरची आकाशाची पट्टी बघत बसलो. मग दुरुस्तीच्या किटमधली नवी गास्केटं घातली. इंजिन इतकं संथ गुरगुरायला लागलं की मला तिथेच पेंग आली.

काकूंचे गुडघे गेलेत. गंगा घरापासून शंभर पायऱ्या खाली, पण चार वर्षांत त्या उतरलेल्या नाहीत. बॅटरीच्या टोटो-रिक्षात बसलं की पाठ धरते. संध्याकाळी काकांच्या मागे बसून पुलावरून दिसते, तेवढीच त्यांची गंगा.

नवा कार्बोरेटर मिळायला चार दिवस गेले. हलका, चकचकीत. काकांच्या ओट्यावर कामाला बसलो. जुना काढला आणि सवयीने त्याचा फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठायची वाटी, काचेच्या ग्लासात रिकामा केला. वर पेट्रोल, तळाशी पाणी; ती पांढरी भुकटी त्याचीच. उतरत्या उन्हात ते गोल थेंब तळाशी हळूहळू डुलत होते. मी बराच वेळ बघत राहिलो. नवा लावला असता तर तोही महिन्याभरात असाच गेला असता.

"काका, टाकीत पाणी कुठून आलं?"

काका काही बोलायच्या आत दारातून काकू म्हणाल्या, "मीच घालते. दर एकादशीला एक पळी गंगाजल. मला स्नान घडत नाही. जी मला गंगेवर नेते, तिला तरी घडू दे."

"अगं, पेट्रोल की टंकी है वो!" काका कडाडले. "ताम्हन नाही!"

मला हसू येईना. खंडेनवमीला मीही पान्यांना हळदकुंकू वाहतो.

टाकी धुतली. जुनाच परत साफ करून लावला, नवा दुकानात परत केला.

"काकू, पळी आता चाकावर घाला," मी म्हणालो. "गाडीचे पाय तेच."

जुना की नवा, हा प्रश्न नंतरचा. आधी टाकीत काय आहे ते बघावं, आणि कोण घालतं ते विचारावं. मी एकोणीस दिवस उशिरा विचारलं. त्यात काकूंच्या चार संध्याकाळी बुडाल्या.