तळहातावरचा कटिंग

वडप्याच्या नाक्यावरचा तो मेकॅनिक गाडीआधी माणूस तपासतो, म्हणून माझा त्याच्यावर राग आहे.

माझ्या कमाईची पहिली गाडी पेट्रोल फार पिते म्हणून मुलगा ती विकायला निघाला होता. मी ती हट्टाने या मेकॅनिककडे नेली. गाडी माझ्या लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या कारखान्याच्या, दारात उभी असते. त्याने एअर फिल्टर काढून आपटला, तर कापसाचा पुंजका पडला.

"शेठ, उशी भरा याची."

त्याने फिल्टर आणि प्लग बदलले, टायरमध्ये हवा भरली. मी घासाघीस सुरू करणार, तोच चहाचा भरलेला कटिंग तळहातावर ठेवून तो गाडीत माझ्या शेजारी येऊन बसला.

"पडघ्यापर्यंत चला. चहा सांडला, तर खोट गाडीत न्हाय."

पहिल्याच ट्रकवाल्याने कट मारला. मी शिवी हासडून गाडी रेटली आणि चहा माझ्याच पँटवर आला.

"बघा, पेट्रोल असंच जातं तुमचं."

उरलेला अर्धा चहा जपत मी दात आवळून पडघा गाठलं. आता गाडी बरं अ‍ॅव्हरेज देते आणि विकायचं नाव कोणी काढत नाही. पण त्या दिवशी गवताने लदलेला एक ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला आणि हा पठ्ठ्या त्याला हसून हात करत होता. ते मी विसरणार नाही.