अजीज कलईवाल्याच्या ओसरीत

मुलांनो, नैरोबीहून तुम्ही विचारलंत, "आजी, तू खेड्यांत धर्म कसा सांगायचीस?" डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, म्हणून उत्तर आताच लिहून ठेवते.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले. मेहकरच्या आमच्या मिशन-शाळेतून मी आणि सासूबाई दमणीने (बसायची हलकी बैलगाडी) दुसरबीडला निघालो. तिथल्या अजीज कलईवाल्याच्या हमीदाला वसतिगृहात राहून शिकायचं होतं. बाप कबूल होत नव्हता. या खेपेला तो हो म्हणाला नाही, तर ईदनंतर तिचं लग्न ठरणार होतं.

वाटभर मी मुद्दे घोकत होते. सासूबाईंनी मात्र एका संताची गोष्ट काढली. ते एका तरुण साधूला म्हणाले, "चल, उपदेशाला जाऊ." दोघे गावभर मुकाट्याने फिरून मठात परतले. साधूने विचारलं, "आणि उपदेश?" संत म्हणाले, "झाला की."

"अशानं हमीदाचं लग्नच होईल," मी चिडून म्हटलं.

दुसरबीडात शिरताना चाकाची धाव (लोखंडी पट्टी) निसटली. गाडीवान लोहाराकडे गेला आणि आम्ही दिवसभर अजीजच्या ओसरीत अडकलो. रमजानचे दिवस, वर रणरणतं ऊन. शिकली तर हिशेब ठेवील, पत्रं लिहील, पुस्तकं वाचील, सगळं मी सांगून पाहिलं. अजीज भाता ओढत "हाव बाई, हाव" एवढंच म्हणे. त्याच्या आईने मात्र टोला हाणला, "तुमच्या शाळेत गेली का येसूची होऊनच येते पोरगी!"

मी तडफडून सासूबाईंकडे पाहिलं. त्या निवांत डाळ निवडत होत्या. दुपारी त्यांनी कोपऱ्यात आपली प्रार्थना केली आणि पुन्हा सूप ओढलं. मी आत-बाहेर करत राहिले.

सूर्य बुडाला. खजूर आले, भजी आली, भाकरी आली. अजीजने सासूबाईंच्या हाती पेला दिला.

"मावशी, दिवसभर पानी काऊन नाही प्यालं?"

"घरातले सगळे तहानलेले. मी एकटी कशी पिऊ?"

"अन् सूनबाई तर प्याल्या!"

"तिले मीच पाजलं. पोटात लेकरू हाये तिच्या."

ते लेकरू म्हणजे तुमचे बाबा.

अजीजने खजुरांची थाळी सासूबाईंपुढे सरकवली. मग म्हणाला, "तिथं माह्या पोरीले सहरीले (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) कोन उठवीन?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

"अब्बा, हो म्हणा ना," दाराआडून आवाज आला.

"म्हनलं पोरी, हो म्हनलं!"

हमीदा आमच्याच दमणीतून आली. पुढे दर रमजानात, कोंबडा आरवण्याआधी, सासूबाई चूल पेटवून तिला उठवत. तापानं फणफणल्या होत्या, तेव्हाही त्यांनी मला उठू दिलं नाही. "शब्द मी दिला हाये," म्हणाल्या.

परवा दुसरबीडला जाऊन आले. या खेपेला वाटेत मी कुठलेच मुद्दे घोकले नाहीत. सासूबाई गेल्या, अजीज गेला, वसतिगृहही बंद पडलं. पण अजीजच्या त्या ओसरीत हमीदा रोज दुपारी गल्लीतल्या मुलींना वाचायला शिकवते.