दोन वायरींचा बोर्ड

बोईसरला स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत मी कॉम्प्युटरचा क्लास काढला, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. खोलीत प्लग एक, कॉम्प्युटर चार. मशीनना कव्हरं शिवून घेण्यात मी आठवडा घालवला आणि एक्स्टेंशन बोर्ड पाच मिनिटांत घेतला. "सब यही ले जाते हैं," दुकानदार म्हणाला, मला तेवढं पुरलं. बोर्डाला तीन-तीन भोकं होती. आत वायरी किती आहेत हे बघावं, असं मनातही आलं नाही.

धुळीची मात्र भारी धास्ती. चपला बाहेर काढायच्या, नळावर पाय धुवायचे, मगच आत यायचं, हा नियम मी देवळातल्या पुजाऱ्यासारखा पाळायला लावायचो. स्वतः मात्र रबरी स्लिपर घालून फिरायचो, कारण मला फरशी गार लागायची.

नवापूरहून एक मुलगी यायची. बारावी झालेली, वडील मासेमारी करणारे. टायपिंगला तिच्याइतका चपळ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. एक दिवस ती म्हणाली, "सर, डब्याला हात लागला का मुंग्या येतात." मी जाऊन कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला. मला काहीच जाणवलं नाही. "काही नाही, तुला कॉम्प्युटरची भीती वाटते," मी सगळ्यांसमोर म्हणालो. मुलं हसली.

पुढच्याच आठवड्यात तिचा एक हात मशीनवर असताना दुसरा खिडकीच्या गजाला लागला. ती खुर्चीसकट आडवी झाली. मी धावत मेन स्विच पाडला. तिचे ओठ पांढरे पडले होते. घरी जायचंय, एवढंच ती बोलली.

शेजारच्या वायरमनने बोर्ड उघडला. "यात दोनच वायरी हायेत. अर्थिंगची वायरच नाय. तिसरं भोक नुसतं दाखवायला." पत्र्यावर उतरलेला करंट पोरांच्या ओल्या, अनवाणी पायांतून जमिनीत जात होता, आणि त्या दिवशी तिच्या अंगातून थेट खिडकीच्या गजात गेला. "तुमच्या पायात रबर," तो म्हणाला, "तुमाला कसं कळणार?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन वायरींची जाड केबल आणली, मागे खड्डा खणून मीठ-कोळसा भरून अर्थिंग करून घेतलं आणि नवापूरला गेलो. चूक कबूल करायची, तिला परत बोलवायचं, असं ठरवून. तिच्या वडिलांनी ओटीवर बसवलं, चहा सांगितला. ती बाहेर आली नाही.

"ती नको बोलत होती," वडील म्हणाले. "हाताला लागतंय बोलली. मी बोललो, सरांनी हात लावून बघितला ना, ते खोटं कशाला बोलतील? मीच दामटून धाडली सर. चुकी माझी हाय."

नाही, चूक माझी, एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी मान डोलावली आणि चहा प्यायलो.