वाचून झालेलं पुस्तक गेटबाहेर कसं काढावं

गोडाऊनमध्ये माल बाहेर जातो आणि किस्से आत साचतात. मालाला निदान बारकोड असतो, कुठल्या रॅकवर पडलाय ते मशीन सांगतं. किस्से मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की आपोआप बाहेर पडतात, आणि एकामागून दुसरा निघतच राहतो. मी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये रिटर्न्स सेक्शन सांभाळते. लोकांनी हौसेने मागवून परत पाठवलेला माल तपासायचा, हे माझं काम. डोकं तापायला याहून चांगली जागा अख्ख्या भिवंडीत सापडणार नाही, आणि माझं तसंही लवकर तापतं. आज पुस्तकांचेच किस्से सांगते, कारण त्या पुस्तकांपायी आमच्यातल्या एकीची नोकरी जायची वेळ आली होती.

*

सुरुवात माझ्या घरातून झाली. शेलार गावात आमच्या दोन खोल्या, आणि मला वाचायचा नाद. वाचून झालेली पुस्तकं आधी कपाटात गेली, मग पलंगाखाली, मग नवऱ्याच्या कपड्यांच्या खणात. एक दिवस बनियन शोधताना तो वैतागला. "एक तर ही रद्दीत घाल, नाहीतर मला घाल," म्हणाला.

रद्दीत घालायला माझा हात धजेना. मग मी एक पुस्तक डब्याच्या पिशवीतून कामावर नेलं आणि यमुनाला दिलं.

यमुना पॅकिंगला आहे. डोंगराकडच्या पाड्यावरून रोज टेम्पोने येते. घरचा भात कसाबसा पोटापुरता, बाकी मीठमिरचीपासून सगळं तिच्या पगारावर. सातवीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचते, पण एकदा हातात घेतलं की सोडत नाही. तिचं वाचून झालं की पुस्तक अन्सारीभाईंकडे जायचं. अन्सारीभाई फोर्कलिफ्ट चालवतात. आधी पॉवरलूमवर होते, मराठी वाचायला आमच्याच डब्याच्या सुट्टीत शिकले. आम्हा तिघांत नियम एकच ठरला, दिलेलं पुस्तक परत मागायचं नाही. ज्याच्या हातात, त्याचं.

पहिलंच पुस्तक अन्सारीभाईंचं वाचून झालं तेव्हा यमुना म्हणाली, "घरी नेते, जावेला वाचून दाखवते." संध्याकाळी गेटवर तिने पिशवी उघडली. गेटवर आमचे तरे काका. आत येताना ते काडेपेटी आणि गुटखा एवढंच बघतात. बाहेर जाताना मात्र सगळं चाचपतात. आणि आमच्या गोडाऊनच्या एका टोकाला पुस्तकांचाही स्टॉक आहे.

"काका, माझं हाय ते," यमुना म्हणाली.

"आत नेताना मी बघितलं न्हाय, बाहेर येताना बघतोय. गेटपास दाखव."

"माझ्याच वस्तूला गेटपास?"

"मालाला गेटपास लागतो. आन् पुस्तक हा माल हाय."

पुस्तक परत आत गेलं. अशी आमची गंमत झाली. पुस्तकांना आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती. माझा पलंग मात्र खालून मोकळा होत चालला होता, त्यामुळे मी आणत राहिले. वाचून झालेली सगळी यमुनाच्या लॉकरमध्ये जमू लागली, कारण तिच्या लॉकरमध्ये डब्याशिवाय काही नसायचं.

*

वाचून झालेल्या पुस्तकांचं काय करायचं, हा प्रश्न मोठ्या लोकांना पडत नाही. ते रिटर्न करतात.

खरंच सांगते. एक बाई नेमाने जाड कादंबरी मागवायची आणि मुदत संपायच्या आत परत पाठवायची. कारण म्हणून दरवेळी "आवडलं नाही" वर टिक. पुस्तक उघडून बघावं तर शेवटच्या प्रकरणात विमानाच्या तिकिटाचा तुकडा खूण म्हणून घातलेला, आणि मधल्या पानांवर चहाचं वर्तुळ. आवडलं नाही म्हणे! न आवडलेलं पुस्तक कोणी विमानात बसूनही वाचतं का?

मी शेरा मारला, "वापरलेलं." वरून फोन आला, "मॅडम, कस्टमर जुना आहे, पैसे देऊन टाका." दिले.

त्या दिवशी डबा खाताना मी खूप बडबडले. पैसे देऊन आणलेलं आपलं पुस्तक आपल्याला घरी नेता येत नाही, आणि ही बाई आपलं गोडाऊन वाचनालयासारखं वापरते. यमुना शांतपणे भाकरी मोडत होती. म्हणाली, "ताई, तिचं बरं हाय. तिच्या दारात कोणी तरे काका बसवला न्हाय."

*

मग यमुनाच्या हातून घोटाळा झाला. असा घोटाळा फक्त पॅकिंगवालीच करू शकते. टेबलावर जे येईल ते हाताने उचलायचं, बबल रॅपमध्ये गुंडाळायचं, खोक्यात घालायचं आणि टेप मारायची. दिवसभर तेच. हातांना विचार करायची सवयच राहत नाही. एका दुपारी तिने वाचता वाचता पुस्तक टेबलावर उपडं ठेवलं आणि पाणी प्यायला गेली. परत आली, हातांनी कुकर उचलला, पुस्तक उचललं, दोन्ही गुंडाळलं, टेप मारली. गाडी निघून गेल्यावर तिला आठवलं की आपलं राहिलंय.

"काय वाचत होतीस?" मी विचारलं.

"खुनाचं, ताई. दोन पानं उरली हुती." तिला रडू येत होतं ते त्या दोन पानांचं.

काही दिवसांनी ते पुस्तक माझ्याच टेबलावर परत आलं. कस्टमरने कुकर ठेवून घेतला होता आणि पुस्तक धाडलं होतं. कारणाच्या जागी टिक होती "आता गरज नाही" वर. म्हणजे त्यानेही वाचून संपवलं होतं.

आम्ही पोट धरून हसलो. यमुनाने तिथेच उरलेली दोन पानं संपवली आणि पुस्तक लॉकरमध्ये टाकलं. पण ते हसू संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही, कारण सिस्टिमला एक वस्तू जास्त दिसली. तुम्हाला वाटेल, जास्तच तर आहे, बिघडलं काय? गोडाऊनमध्ये माल कमी निघाला तर चोर शोधतात. जास्त निघाला तर चोराचा साथीदार शोधतात. त्यातच पुस्तकांच्या स्टॉकमध्ये काही महिन्यांपासून तूट येत होती. आमचे मॅनेजर बर्वे सर नवीन होते, आणि ती तूट भरून दाखवायलाच त्यांना पाठवलं होतं. त्यांनी ऑर्डर काढली, शनिवारी सगळ्यांचे लॉकर उघडणार.

*

आता लॉकरमधली पुस्तकं शनिवारच्या आत कुठे घालायची? अन्सारीभाईंच्या डोक्यात कल्पना तयारच असतात.

"ताई, सब पे बारकोड चिपका देते हैं. स्टॉक में मिल जाएँगी, किसी को पता नहीं चलेगा."

"भाई, बारकोड लागला की ती कंपनीची झाली. मग यमुनाच्या लॉकरमध्ये काय करतात? आता नुसता संशय आहे, मग खरी चोरी होईल."

भाईंनी थोडा विचार केला. "तो एक एक पन्ना डब्बे में ले जाते हैं. रोटी के नीचे."

यमुनाने हातातला घास खाली ठेवला. "फाडायचं? वाचलेलं पुस्तक फाडायचं?" ती भाईंशी अशी कधी बोलली नव्हती. भाई डबा न संपवताच उठले.

सरळ मार्ग एकच उरला, तो मी करून बघितला. बर्वे सरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, सर, काही पुस्तकं आम्ही घरून आणलीत, ती बाहेर न्यायला परवानगी द्या. त्यांनी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही. "घरून आणलेली वस्तू गोडाऊनमध्ये ठेवायची नाही, असा नियम आहे. ठेवली असेल तर ती खराब माल म्हणून स्क्रॅपमध्ये टाका."

स्क्रॅप म्हणजे राहनाळची कागदाचा लगदा करणारी मशीन. मी बाहेर आले. यमुना कंत्राटी होती. असल्या डागाने कंत्राटदाराने तिचं नाव काढलं, तर दापोडे सोडा, राहनाळपर्यंत कुठल्या गोडाऊनने तिला उभं केलं नसतं. आणि पुस्तकं तिच्या लॉकरमध्ये गेली ती माझ्यामुळे.

*

शनिवार उजाडला. बर्वे सर एकेक लॉकर उघडत आले. चपला, पावडरचा डबा, देवाचा फोटो, एकाच्या लॉकरमधून सुके बोंबील निघाले. कोणी हसलं नाही. यमुनाचा लॉकर उघडला आणि पुस्तकं घसरून खाली पडली.

सरांनी वाकून ढिगाकडे बघितलं. मग म्हणाले, "ही एवढी?"

"सर, ती मी दिलीत तिला," मी पुढे झाले.

"तुम्हाला विचारलं नाही." ते यमुनाकडे वळले. "कुठल्या रॅकवरून उचललीस?"

"रॅकवरची न्हायत सर. माझी हायत."

त्यांनी वरचं एक उचललं. तेच, कुकरबरोबर फिरून आलेलं. पानं चाळली, एका पानावर सुकटीच्या चटणीचा डाग होता. "हे तर खराब झालंय."

"खराब न्हाय सर," यमुना म्हणाली. "वाचलेलं हाय."

सरांचा चेहरा लाल झाला.

"वाचलंयस? मग सांग, काय आहे यात?"

यमुना पदराशी चाळा करत उभी होती. मला वाटलं, गेली बिचारी. एवढ्या माणसांसमोर हिला शब्द सुचणार नाही. पण ती बोलायला लागली. "धर्मशाळेत एक मानूस मरतो. दार आतून बंद. खिडकीला गज. आत दुसरं कोणी न्हाय. धर्मशाळेची म्हातारी बोलते, मी रात्री भांडन ऐकलं. पन म्हातारीला ऐकूच येत न्हाय, ते पोलिसाला मागनं कळतं..."

"मग?"

यमुना थांबली.

"मग काय? कोणी मारलं?"

"ते सांगत न्हाय."

"का?"

"तुम्ही वाचलं न्हाय ना, सर."

आता ही संपली, असं मला वाटलं. सरांनी हात पुढे केला. "कार्ड दे." यमुनाने गळ्यातलं कार्ड काढून दिलं. सरांनी बाकीची पुस्तकं लॉकरमध्ये कोंबायला लावली, त्याला सील मारलं, आणि ते एक पुस्तक पुरावा म्हणून घेऊन केबिनमध्ये गेले. केबिनचा पडदा खाली झाला.

कार्डाशिवाय ना पंचिंग होतं, ना गेट उघडतं. यमुना दिवसभर टेबलाशी उभी राहून खोकी बांधत होती, पण एकाही खोक्याला टेप सरळ लागली नाही. आम्हाला ठाऊक होतं, आत कंत्राटदाराला मेल लिहिणं चाललंय. अन्सारीभाई मुद्दाम केबिनवरून फोर्कलिफ्ट नेऊन आले. "परदा हिला तक नहीं," म्हणाले. चहावाला दोनदा आत गेला आणि दोन्ही वेळा भरलेला कप घेऊन बाहेर आला. साहेब इतका वेळ काय लिहितात, तेच कळेना. दुपारचा डबा आम्ही कोणी उघडला नाही.

*

शिफ्ट सुटली. गेटवर रांग लागली. यमुना रांगेच्या बाजूला भिंतीला टेकून उभी, कार्ड नाही म्हणून. बाहेर पाड्याचा टेम्पो हॉर्न देत होता. मी आणि अन्सारीभाई आमची पाळी येऊनही पुढे सरकलो नाही, मागच्यांना पुढे सोडत राहिलो.

तेवढ्यात बर्वे सर आले. खांद्याला बॅग, हातात यमुनाचं कार्ड. त्यांनी ते तिला दिलं. ठेवलं की काढलं, सोमवारी ये की येऊ नको, काहीच सांगितलं नाही. यमुनाने कार्ड मुठीत धरलं, पण रांगेत शिरली नाही.

त्या आठवड्यात सरांनीच ऑर्डर काढली होती, मॅनेजरसकट सगळ्यांची बॅग उघडायची. त्यांनी बॅग टेबलावर ठेवली. तरे काकांनी लॅपटॉप बाहेर काढला, चार्जर काढला, आणि त्याच्या खालून ते पुस्तक निघालं. शेवटाच्या जरा अलीकडे सरांचं व्हिजिटिंग कार्ड खूण म्हणून घातलेलं होतं.

काकांनी पुस्तक उलटसुलट करून बघितलं. "सर, गेटपास?"

सरांनी रांगेकडे बघितलं. अख्खी शिफ्ट त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काका," यमुना भिंतीपासून पुढे आली, "ते माझं हाय. सरांना मी वाचाया दिलंय."

तरे काका तिच्याकडे न बघता सरांकडेच बघत राहिले. "सर, हिचं हाय का हे?"

टेम्पोने पुन्हा हॉर्न दिला.

"हो," ते म्हणाले. "तिचं आहे."

"मंग तिलाच नेऊ द्या," काका म्हणाले आणि पुस्तक यमुनाच्या हातात दिलं.

यमुनाने कार्ड पंच केलं. पिशवीत न घालता, पदराआड न धरता, पुस्तक सरळ हातात घेऊन ती गेटबाहेर गेली. बर्वे सर मागून बाहेर आले. टेम्पोत चढायच्या आधी ती वळली, पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "वाचून झालं की परत आत आणू नका, सर."