तांदळातला खडा

तांदूळ निवडताना नात म्हणाली, "आजी, तू न बघताच खडा कसा काढतेस गं?" मी मनगटावरचा जुना व्रण तिच्यापुढे धरला.

विशीतली मी भारीच शहाणी! हात नाजूक दिसावेत म्हणून कासाराकडून एक माप लहान बांगड्या भरून घेतल्या आणि शेजारणीला दाखवायला धावताना पायरीवर आपटले. काच मनगटात घुसली, मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी भिंगाखाली तो केसासारख्या धाग्याने जोडला. मी विचारलं काय, तर "बांगड्या कधी भरू?"

"आधी बोटांना कळू दे बाई," ते म्हणाले. "तंतू मुंगीच्या चालीने वाढतो."

मग सासूबाई रोज माझे डोळे मिटवून हात तांदळात घालायला लावत. "काय लागलं?" "काही नाही." कित्येक महिने काहीच नाही. बोटं आता परकीच राहणार म्हणून मी रडायचे. आणि आत मात्र शरीर, माझ्या नखऱ्यांवर न रुसता, निमूट वाट बांधत होतं.

एका दुपारी बोटाला काहीतरी टोचलं. खडा! तो चिमटीत धरून मी अंगणात धावत सुटले.

"अगं, पायरी बघ!" सासूबाई ओरडल्या.

आजही खडा सापडला की मी लगेच फेकत नाही. आधी बोटांत जरा फिरवून घेते.